विश्लेषण : इरावती कर्वे कोण होत्या? त्यांनी नात्यांचे शास्त्र कसे उभे केले?

महर्षी कर्व्यांच्या सून, प्राचार्य दि. धों. कर्वे यांच्या पत्नी, लेखिका गौरी देशपांडे यांच्या आई. इरावती कर्वे यांची ओळख आजही अनेकदा अशीच करून दिली जाते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. त्या भारतातील पहिल्या महत्त्वाच्या महिला मानववंशशास्त्रज्ञ होत्या. बर्लिनच्या संस्थेत आपल्याच मार्गदर्शकाच्या वंशसिद्धांताला धक्का देणारा निष्कर्ष त्यांनी मांडला. भारतभर हिंडून त्यांनी नातेसंबंधांचा नकाशा तयार केला आणि ‘युगान्त’सारखे पुस्तक मराठीला दिले. नात्यांवरून ओळखल्या गेलेल्या या बाईंच्या अभ्यासाचा मुख्य विषयही नाती हाच होता. नात उर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र 2024 मध्ये आल्यानंतर त्यांच्या कामाची नव्याने चर्चा सुरू झाली. हे काम नेमके काय होते?

ब्रह्मदेशातून पुण्यात कशा आल्या?

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे होते. तिथून वाहणाऱ्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आले आणि हुजूरपागेत तिचे नाव घातले गेले. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगी पुण्यात वसतिगृहात, अशी ती सुरुवात होती.

शाळेत शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली. तिचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. परांजपे कुटुंबाने इरावतीला घरच्या मुलीसारखे सांभाळले. पुस्तके, वादविवाद आणि कोणतीही गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय न स्वीकारण्याची सवय या घरात होती. तिचा ठसा इरावतीबाईंवर कायमचा उमटला. फर्ग्युसनमधून त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन 1926 मध्ये पदवी मिळवली. दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या अभ्यास करू लागल्या. 1928 मध्ये त्यांनी एम.ए. केले. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांचा स्वतःचाच समाज.

सुधारकाच्या घरातूनच विरोध का झाला?

याच काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकर रसायनशास्त्राचे अध्यापक होते आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी स्वतः विधवेशी पुनर्विवाह केला होता, हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला होता आणि 1916 मध्ये देशातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले होते. दीर रघुनाथ धोंडो कर्वे संततिनियमनाचा उघड प्रचार करत होते. महाराष्ट्रात याहून पुढारलेले घर शोधून सापडले नसते.

तरीही सुनेने पीएच.डी.साठी जर्मनीला जावे, हे महर्षींना पसंत नव्हते. स्त्रीने शिकावे याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण नुकते लग्न झालेल्या सुनेने परदेशी एकटीने राहून डॉक्टरेट करावी, हे त्या काळच्या सुधारणेच्या चौकटीतही बसत नव्हते. दिनकररावांनी मात्र आग्रह सोडला नाही. त्यांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती. पत्नीची बुद्धी आणि तिला काय हवे आहे, हे ते ओळखून होते. पैशांसाठी काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले गेले आणि 1928 मध्येच इरावतीबाई बर्लिनला रवाना झाल्या.

त्यांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करताना ही बाब विसरून चालत नाही. त्यांचे कर्तृत्व त्यांचेच होते. मात्र ते फुलायला जागा मिळाली ती नवरा वडिलांच्या मताविरुद्ध पत्नीच्या बाजूने उभा राहिला म्हणून. त्यांच्या पिढीतील इतर किती हुशार मुलींना अशी जागा मिळाली नाही, हा प्रश्न त्यामुळे आपोआप उभा राहतो.

बर्लिनमध्ये नेमके काय घडले?

बर्लिनची कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था 1927 मध्ये स्थापन झाली होती. मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिचे विषय होते. संचालक होते ऑयगेन फिशर. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांवर केलेल्या संशोधनामुळे ते प्रसिद्ध झाले होते. काही वंश श्रेष्ठ आणि काही कनिष्ठ असतात, अशी त्यांची धारणा होती.

फिशर यांनी इरावतीबाईंना मानवी कवटीचा विषय दिला. कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. या असमानतेचा वंशाशी संबंध असावा आणि युरोपीय लोकांच्या कवटीची ठेवण त्यांची अधिक बुद्धी दाखवणारी असावी, अशी त्यांची अटकळ होती. ती पुराव्याने सिद्ध करायची होती. त्यासाठी संस्थेच्या संग्रहातील कवट्या वापरायच्या होत्या. त्यातील काही आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या होत्या.

इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. पद्धत मार्गदर्शकांचीच वापरली, पण उत्तर त्यांना हवे होते ते आले नाही. कवटीतील असमानता सगळ्याच माणसांत आढळते, तिचा वंशाशी संबंध लागत नाही, असे आकडे सांगत होते. इरावतीबाईंनी प्रबंधात तेच लिहिले. त्यांना पदवी मिळाली, पण गुण कमी दिले गेले.

या निष्कर्षाचे मोल पुढच्या काही वर्षांत कळले. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे ते नाझी पक्षातही गेले. त्यांच्या संस्थेतील संशोधनाने नाझींच्या वंशवादी धोरणांना शास्त्राचा आधार पुरवला. ज्या ठिकाणी वंशश्रेष्ठत्वाचे शास्त्र रचले जात होते, तिथे वसाहतीतून आलेली, कर्ज काढून शिकणारी एक तरुणी मोजमापांच्या आधारे वेगळे उत्तर देऊन आली होती. तिने भाषण केले नाही की निषेधाचे पत्रक काढले नाही. जे दिसले तेच तिने लिहिले.

परतल्यावर संसार आणि संशोधन यांचा मेळ कसा बसला?

1930 मध्ये इरावतीबाई पुण्याला परतल्या. 1931 ते 1936 या काळात त्या महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. ज्या सासऱ्यांनी परदेशी जाण्याला विरोध केला होता, त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेचे प्रशासन त्या सांभाळत होत्या. पुढे संसारही वाढला. जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले झाली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे लेखिका म्हणून आणि आनंद कर्वे शास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले.

1939 मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि इरावतीबाई तिथे समाजशास्त्राच्या अध्यापक म्हणून रुजू झाल्या. आयुष्याच्या शेवटापर्यंत हीच त्यांची कर्मभूमी राहिली. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया त्यांचे सहकारी होते. 1940च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे झालेल्या उत्खननात अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. त्या मोहिमेत दोघांनी एकत्र काम केले. 1947 मध्ये दिल्लीत झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या मानववंशशास्त्र विभागाचे अध्यक्षपद इरावतीबाईंकडे होते.

त्यांचे घर तेव्हाच्या पुण्याला नवलाचे वाटावे असेच होते. इरावतीबाई मंगळसूत्र घालत नसत, कुंकू लावत नसत. नवऱ्याला सगळ्यांसमोर दिनू म्हणत आणि मुलेही आईवडिलांना इरू आणि दिनू अशीच हाक मारत. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. मात्र हे सारे मिरवण्यासाठी नव्हते. कामावर वेळेत पोहोचायचे तर वाहन हवे, इतका तो साधा हिशेब होता.

खरा प्रवास होता तो देशभरातील क्षेत्रकार्याचा. महाराष्ट्र, गुजरात, कूर्ग, केरळ, ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम अशा अनेक ठिकाणी त्या गेल्या. आदिवासी पाड्यांत, खेड्यांत राहून त्यांनी लोकांची मापे घेतली, रक्ताचे नमुने गोळा केले, वंशावळी लिहून घेतल्या. त्यांच्याइतकी भटकंती तेव्हाच्या पुरुष अभ्यासकांपैकीही मोजक्यांनीच केली असेल. महिनोन्महिने आई दौऱ्यावर असताना घर चालत होते, ते दिनकररावांच्या भरवशावर. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला इरावतीबाई लंडन विद्यापीठात व्याख्यात्या म्हणून गेल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातही त्यांनी काही काळ काम केले.

नात्यांचा नकाशा म्हणजे काय?

1953 मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. भारतात कोण कोणाला काय म्हणते आणि कोणाचे लग्न कोणाशी होऊ शकते, हे दोन साधे प्रश्न घेऊन त्यांनी सगळा देश तपासला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. जुने संस्कृत ग्रंथ, लोकगीते, म्हणी आणि क्षेत्रकार्यातील नोंदी या सगळ्यांचा त्यात उपयोग केला.

त्यातील मुख्य भेद समजायला सोपा आहे. उत्तरेत मुलगी द्यायची ती परक्या घरात, बहुधा दुसऱ्या गावात, जिथे आधीचे रक्ताचे नाते नाही अशा ठिकाणी. त्यामुळे तिथल्या मुलीसाठी लग्न म्हणजे अनोळखी माणसांत जाणे. दक्षिणेत मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची आणि अनेक जातींत सख्ख्या भाचीशीही लग्नाची रीत होती. त्यामुळे सासर हे आधीपासून ओळखीचे घर असे. एकीकडे लग्नाने नवी नाती जोडली जात, तर दुसरीकडे जुनीच नाती घट्ट होत. सुनेचे घरातील स्थान, तिच्यावरील बंधने, माहेरची ओढ या सगळ्यांवर या फरकाचा परिणाम होतो, हे इरावतीबाईंनी दाखवले.

महाराष्ट्र या नकाशात मधल्या पट्ट्यात येतो. इथली भाषा उत्तरेकडच्या कुळातील, पण मामाच्या मुलीशी लग्न अनेक जातींना चालते. सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणण्याची जुनी मराठी पद्धत आठवली की हा मुद्दा लगेच पटतो. पतीच्या आईला आत्या म्हणायचे, कारण एके काळी ती खरोखरच वडिलांची बहीण असण्याची शक्यता होती. रोजच्या बोलण्यातील शब्दांत समाजाचा इतिहास साठलेला असतो, हे या अभ्यासातून दिसून आले.

जातीबद्दल गुरूंशी मतभेद कोणता होता?

घुर्ये यांचा कल असा होता की एका मूळ गटाचे तुकडे पडत गेले आणि त्यातून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंना क्षेत्रकार्यात वेगळे चित्र दिसले. महाराष्ट्रात कुंभार या एकाच नावाखाली अनेक गट आहेत. ते आपसांत लग्न करत नाहीत आणि मोजमापांतही एकमेकांपासून वेगळे पडतात. मग एकच गट फुटला, असे म्हणता येत नाही. वेगवेगळे गट एका व्यवसायामुळे एका नावाखाली आले, असे म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटले. प्रत्येक छोटी जात म्हणजे नात्यागोत्याचा एक मोठा विस्तार आहे आणि अनेक जाती एकमेकांशेजारी राहून समाज बनतो, ही मांडणी त्यांनी 1961 मधील ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ या ग्रंथात केली. बर्लिनमध्ये जे घडले, तेच थोड्या सौम्य रूपात पुन्हा मायदेशी घडले. गुरूंबद्दल आदर ठेवूनही निष्कर्ष मात्र त्यांचे त्यांनी काढले.

हा प्रश्न त्यांना पुस्तकाबाहेरही भेटला. पंढरीच्या वारीत त्या पालखीबरोबर चालल्या. त्या अनुभवावर ‘वाटचाल’ हा लेख त्यांनी लिहिला. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी एकत्र अभंग म्हणतात, एकत्र चालतात, पण स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या करतात, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या. त्याच वाटेवर महाराष्ट्र म्हणजे काय याचे उत्तरही त्यांना सापडले. जिथून माणसे पंढरपूरला चालत जातात तो महाराष्ट्र, अशी ती व्याख्या होती. भक्तीने जोडलेले आणि जातीने वेगळे ठेवलेले, ही दोन्ही चित्रे त्यांनी एकाच लेखात ठेवली. एकासाठी दुसरे झाकले नाही.

‘युगान्त’ने एवढी खळबळ का उडवली?

सर्वसामान्य मराठी वाचकाला इरावतीबाई माहीत आहेत त्या ‘युगान्त’मुळे. 1967 मध्ये आलेल्या या पुस्तकाला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने दीर्घ परिश्रमांनी सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्यांनी आधाराला घेतली. नंतरच्या काळात भर पडलेला चमत्कारांचा आणि भक्तीचा थर बाजूला सारला आणि उरलेल्या कथेकडे मानववंशशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले.

मग भीष्म केवळ त्यागमूर्ती राहत नाहीत. त्यांच्या प्रतिज्ञेची किंमत अंबेला आणि घरात आणलेल्या इतर स्त्रियांना मोजावी लागली, हे दिसू लागते. गांधारी आणि कुंती देवघरातून बाहेर येतात आणि राजघराण्यात अडकलेल्या बायका म्हणून भेटतात. खांडववनाचे दहन हा पराक्रम न राहता, जमिनीसाठी तिथल्या प्राण्यांचा आणि माणसांचा केलेला संहार ठरतो. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा का, हा प्रश्नही त्यांनी विचारला. अनेक वाचकांना हे रुचले नाही. अनेकांना महाभारत पहिल्यांदाच माणसांची गोष्ट वाटले. दुर्गाबाई भागवतांच्या ‘व्यासपर्व’बरोबर ‘युगान्त’चे नाव आजही घेतले जाते. दोन्ही पुस्तकांचा मार्ग वेगळा आहे, पण या दोघींनी मराठीत महाभारत वाचण्याची रीतच बदलली.

शेवटच्या वर्षांत त्यांचे लक्ष वर्तमानाकडेही होते. कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या गावांतील लोकांचे पुढे काय झाले, याची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्यासह केली. ती 1969 मध्ये प्रकाशित झाली. धरणग्रस्तांचे पुनर्वसन हा मोठ्या आंदोलनांचा विषय होण्याच्या कितीतरी आधी हे काम झाले होते. गाव उठले की फक्त घर आणि शेत जात नाही, सोयरीक आणि शेजार यांची वीणही उसवते, हे नात्यांच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

त्यांच्या कामाच्या मर्यादा कोणत्या?

इरावतीबाईंच्या कामावर आक्षेपही आहेत. कवटीच्या मोजमापातून वंशश्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, हे त्यांनी दाखवले. पण समाजगट ओळखण्यासाठी शरीराची मापे आणि रक्तगट वापरण्याची पद्धत त्यांनी पुढे चालूच ठेवली. आज मानववंशशास्त्राने ही वाट जवळजवळ सोडून दिली आहे. जातींचे वेगळेपण तपशिलात सांगताना सत्ता आणि शोषण यांचा विचार कमी पडला, असेही अभ्यासक म्हणतात. ‘युगान्त’मधील काही तर्क पुराव्यापेक्षा पुढे जातात, हा आक्षेपही जुना आहे. पण हे आक्षेप त्यांच्याच कसोटीवर घेतलेले आहेत. गुरूचे मतही तपासून घ्यावे, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने शिकवले होते आणि ते त्यांनाही लागू होते.

मग त्यांची खरी ओळख कोणती?

याचे उत्तर त्यांनीच एका ललित लेखात शोधले होते. 1949 मधील ‘परिपूर्ती’ या संग्रहाचे नाव त्याच लेखावरून आहे. एका समारंभात त्यांची ओळख करून देताना वडील, सासरे, पती आणि पदव्या अशा सगळ्यांचा उल्लेख होतो, तरी काहीतरी राहिले असे त्यांना वाटत राहते. नंतर रस्त्यावरची मुले त्यांच्याकडे पाहून आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चालली आहे, असे आपसांत बोलतात आणि ती ओळख पुरी होते, असा तो लेख आहे.

या लेखावर वाचकांत मतभेद आहेत. इतकी मोठी विदुषी शेवटी आईपणातच सार्थक मानते का, असे काहींना खटकते. काहींना त्यातला मिश्कीलपणा दिसतो. मोठमोठ्या लोकांच्या नावांवरून सभेत होणारी ओळख आणि गल्लीतल्या पोरांनी सहज केलेली ओळख यांची त्यात गंमतही आहे. लेख वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. माणूस एकटा नसतो, तो नात्यांच्या जाळ्यात उभा असतो, हेच तर त्यांच्या शास्त्राचे सूत्र होते. ते त्यांनी लेखात स्वतःला लावून पाहिले. त्यासाठी त्यांना ना संशोधन सोडावे लागले, ना संसार.

11 ऑगस्ट 1970 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या 64 वर्षांच्या होत्या. ‘गंगाजल’ हा लेखसंग्रह त्यांच्या पश्चात आला. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘मराठी लोकांची संस्कृती’ आणि ‘युगान्त’ ही पुस्तके आजही वाचली जातात. इरावतीबाईंची ओळख करून देताना सून, पत्नी आणि आई ही नाती सांगायला हरकत नाही. मात्र नाती म्हणजे काय हे साऱ्या देशाला समजावून सांगणारी अभ्यासक, ही ओळख त्यांच्या आधी यायला हवी.